लंगडा उंदीर नीट चालला तेव्हा
शाईच्या पॅडचा वास आला की मला लातूरची आमची प्रयोगशाळा आठवते. भूकंपाच्या धसक्यातून गाव सावरलं नव्हतं आणि आमच्या डोक्यावर नवा कोचिंग क्लास निघाला होता. संधिवाताच्या औषधाच्या चाचणीसाठी सांधे सुजवलेल्या उंदराच्या पायांना शाई लावून मी त्याला कागदावर चालवत होते. ठशांवरून त्याचं लंगडणं मोजायचं होतं. मेला जागचा हलेना. तेवढ्यात क्लास सुटला, जिन्यावर पोरांचे पाय दणाणले, फरशी हादरली आणि भूकंप समजून आम्ही बाहेर पळालो. परत येऊन पाहते, तर भेदरलेला उंदीर कागदभर पळालेला, ठसे सरळ. प्रयोगशाळेचे सर ठसे बघून भडकले, "हा कुठं लंगडायलाय? धडधाकट हाय की!" आता माझेच गुडघे सुजलेत. डॉक्टर म्हणतात, "चालून दाखवा," आणि मेले पाय तिथंच नेमके नीट पडतात.