मिनिमाईज करायचं नाही

"इथं हात लावायचा नाही," असं म्हणून मॅडम पडद्याच्या कोपऱ्यातल्या मिनिमाईजच्या चिन्हावर बोट ठेवायच्या आणि आम्हा सगळ्यांकडे एकदा बघून घ्यायच्या.

तुमच्याही ओळखीत अशी भित्री माणसं असतील. आमच्या मॅडम कोपरगावच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवायच्या. दर जूनला पुन्हा बोलावतील की नाही, ही धास्ती कायमची. लॅबला कुलूप लावून निम्मा जिना उतरल्या की परत वर जायच्या, कुलूप ओढून बघायला. व्हरांड्यात प्राचार्यांचा आवाज आला की हातातला खडू खाली ठेवायच्या.

शिकवायच्या मात्र मायेनं. "माउसचं बटण दाबलं की प्रोग्रॅमला एक निरोप येतो. ओढत नेलं की निरोप येत राहतात. सोडलं की शेवटचा. प्रत्येक निरोपाला एक बारीक रेघ काढायची." माउसच्या मागे आपली रेघ धावताना पाहून आम्ही हरखून जायचो.

माझ्या शेजारी बसणाऱ्या मित्रानं एकदा विचारलं, "पन मॅडम, मिनिमाईज केल्यावर काय हुतं?"

"केलंच नाही तर काही होत नाही."

"आमचा ट्रॅक्टरबी असाच हाय, मॅडम. रिव्हर्स टाकायचाच न्हाई."

मॅडमही हसल्या, पण बोट त्या चिन्हावरून हललं नाही.

शेवटच्या वर्षाची प्रॅक्टिकल परीक्षा आली. पुण्याच्या एका कंपनीनं मला घेतलं होतं, पण पास झालो तरच. घरातला पहिला पदवीधर मी होणार होतो. वडिलांनी घोडेगावच्या बाजारात बैल बघायला आलेल्या अनोळखी माणसांनाही ते सांगून टाकलं होतं.

बाहेरून आलेले परीक्षक माझ्या मागे उभे राहिले. मी माउसनं घर काढून दाखवलं. त्यांनी माउस स्वतःकडे घेतला, प्रोग्रॅमची खिडकी मिनिमाईज केली आणि परत उघडली.

पांढरीफटक. घराची एक रेघ उरली नव्हती.

"कुठं गेलं घर?"

मी माउस पडद्यावर इकडेतिकडे फिरवून पाहिला.

"सर, चूक माझी आहे." मॅडम भिंतीला टेकून उभ्या होत्या, ओठ कोरडे पडलेले. "मी सगळ्यांना असंच शिकवलंय. त्याला एकट्याला धरू नका."

"मग प्राचार्यांना मी काय सांगू, मॅडम?"

"हेच सांगा."

परीक्षक माझ्याकडे वळले. "तू सांग. का गेलं?"

मी त्या कोऱ्या खिडकीकडे बघत राहिलो. "सर, खिडकी उघडली की सगळं पुन्हा काढावं लागतं. आम्ही रेघा काढल्या, पण कुठं काढल्या ते साठवून ठेवलंच न्हाई. मग परत काय काढणार?"

त्यांनी मान हलवली. मी पास झालो.

जूनमध्ये मॅडमना बोलावणं आलं नाही. मी तेव्हा पुण्यात होतो, मित्रानं फोनवर सांगितलं. त्या आता कुठं असतात, त्यालाही माहीत नव्हतं.

मला मॅडम त्या परीक्षेच्या संध्याकाळच्याच आठवतात. एस.टी. पकडण्याआधी आभार मानायला मी वर लॅबमध्ये गेलो. सगळे निघून गेले होते आणि मॅडम माझ्याच कॉम्प्युटरपुढे बसल्या होत्या. रेघांचे ठिपके साठवून पुन्हा काढणाऱ्या चार ओळी त्यांनी प्रोग्रॅममध्ये घातल्या होत्या. माउसनं एक वाकडंतिकडं घर काढलं, खिडकी मिनिमाईज केली, परत उघडली आणि डोळे घट्ट मिटून घेतले. डोळे उघडायचा धीर त्यांना होईना.

"मॅडम," मी दारातूनच म्हणालो, "घर आलंय."