टोपभर पाणी

फुटबॉलच्या विश्वचषकाआधीच्या एका उन्हाळ्यात आखातातल्या लुसैल शहरातल्या आमच्या इमारतीचं काम मागे पडलं होतं आणि मी, तिथला साइट इंजिनिअर, दिसेल त्याच्यावर खेकसत हिंडत होतो. रोज सकाळी कामगारांना गोळा करून सुरक्षेच्या चार गोष्टी सांगायची आमची पद्धत होती. एके दिवशी मॅनेजर म्हणाला, "आज जरा जोश येईल असं काहीतरी बोल."

माझ्याकडे माल तयार होता. ग्रीसकडून निघून थेट पंजाबपर्यंत धडकलेल्या त्या प्राचीन राजाने एवढं साम्राज्य उभारलं कसं नि चालवलं कसं, यावर मुलीचा शाळेचा प्रोजेक्ट मी आदल्याच संध्याकाळी करून दिला होता. जिंकलेल्या मुलखातले बरेच अधिकारी त्याने जागेवरच ठेवले, तिथला पोशाख अंगावर चढवला, वाटेत शहरं वसवली. पण मुलीला एकच प्रश्न पडला होता, "बाबा, व्हाय डिड दे फॉलो हिम?"

तिला दिलेलं उत्तरच मी कामगारांना हिंदीत ऐकवलं. परतीच्या वाटेवर वाळवंटात सैन्य तहानेनं तडफडत होतं. शिपायांनी कुठूनसं शिरस्त्राणाचा टोप भरून पाणी राजासाठी आणलं. सगळ्यांना पुरणार नाही म्हणून त्याने ते सगळ्यांदेखत वाळूत ओतून दिलं, आणि सैन्य पुन्हा चालू लागलं. त्या वाळवंटात त्यांना नेलं कुणी आणि तिथे किती मेले, हे मी गाळलं. जोशात बसत नव्हतं.

आमचा फोरमन रत्नागिरीकडचा, पन्नाशी उलटलेला. सगळे त्याला चाचा म्हणत. "राजानं पानी ओतलान, बराबर केलान," तो मला म्हणाला. मी खूश झालो.

तीन-चार दिवसांनी पाण्याचा टँकर आलाच नाही. आकाश धुळीने पांढरं पडलं होतं, वारा ठप्प होता. उन्हामुळे असलेली दुपारची सक्तीची सुट्टी व्हायला तास होता आणि काँक्रीटच्या गाड्या रांगेत उभ्या होत्या. कूलरच्या तळाशी उरलेलं पाणी चाचा एकेकाला देत होता.

"चाचा, तुम्ही प्या."

"आधी मानसांना पिऊ दे, साहेब."

राजा बोले दळ हाले, असं माझ्या मनात आलं. लाज वाटते आता. माझ्या गाडीत पाण्याच्या दोन बाटल्या होत्या.

मग मला त्याचं कपाळ दिसलं. बाकीचे घामाने निथळत होते. त्याचं कोरडं होतं. या उन्हात घाम आटला की उष्माघात समजायचा, हे मीच सगळ्यांना शिकवायचो. काम थांबवायचा अधिकारही माझाच होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! अजून दोनच गाड्या, असं मी स्वतःला म्हटलं. दुसरी रिकामी होत असताना चाचा ओल्या काँक्रीटमध्ये गुडघ्यांवर आला आणि आडवा झाला.

पाच दिवस तो बेशुद्ध होता. जीव वाचला, पण मूत्रपिंडं निकामी झाली. डॉक्टर म्हणाले, आता याला मायदेशी पाठवा. माफी कशी मागायची ते गाडीत दहादा घोकून मी त्याच्या खाटेपाशी गेलो. मला बघताच तो उठून बसायला धडपडला.

"साहेब, माझ्यामुळं स्लॅब अडला. माफ करा."

"असू दे, चाचा," मी म्हणालो.