कानामागचा रंग

बाळ मांडीवर आलं की तेल लावण्याआधी ती त्याचा कान हलकेच दुमडायची. कानामागची कातडी निरखायची, मोठेपणी अंगाचा रंग तोच होतो म्हणतात, आणि सांगायची, "गोरीच जातली." म्हणजे गोरीच होणार. मुलगा असला तर, "गोरोच जातलो." पेडण्याच्या आमच्या वाड्यावर चाळीसेक वर्षं बाळ-बाळंतिणींना तीच न्हाऊ घालत आली. तिच्या तोंडून तिसरं काही कुणी ऐकलं नव्हतं.

तुम्ही आमच्या वाड्यावर या आणि बघा. सगळी उन्हातान्हाची माणसं. तिचं खरं ठरलं असतं, तर हरमलच्या किनाऱ्यावरचे रशियन कोण आणि आम्ही कोण, हे पोलिसांनाही कळलं नसतं.

मी सावंतवाडीकडून इथे लग्न होऊन आले तेव्हा तव्याच्या बुडाशी माझं सख्खं नातं होतं. पण ऐट केवढी. पोटुशी असताना नऊ महिने केशर घातलेलं दूध ढोसलं. मुलगी झाली ती थेट माझ्यावर गेली. मग मी बयेने तिला पावडर थापली. पोर शिंकता शिंकता घुसमटली. रंग बदलला खरा, पण निळा झाला.

तिने ओल्या फडक्याने पोरीचं तोंड पुसलं. "वयनी, पीठ भाकरेक ठेवा."

"पण होईल ना गोरी?"

"जातली मगे."

पुढे केव्हातरी, शहाणी झाल्यावर, मी तिला पकडलं. म्हटलं, घरोघरी खोटं सांगत फिरतेस. तळव्यावर तेल ओतून घेत ती म्हणाली, "सांगूक माझा काय जाता? बरा सांगला की सा म्हयने पोरीक कोण वंगाळ बोलणा नाय. तवसर ती हसूक शिकता. हसत्या पोराक कोण टाकणा नाय."

काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली. नवरा आफ्रिकेतला, किनाऱ्यावरच्या हॉटेलात स्वयंपाकी होता. रीतसर रजिस्टर लग्न केलेलं. व्हिसा संपला म्हणून तो मायदेशी गेला होता. आईने मुलीला घरात घेतलं, आजी मात्र ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची, "काळी आसली तरी आमका चलता. खाप्री नाका." खाप्री म्हणजे आफ्रिकेचा माणूस. पोर्तुगीज गेले, हा शब्द इथेच ठेवून गेले.

मुलगी झाली. त्याच सुमारास वरच्या वाड्यावरच्या मोठ्या घरची सून दिवस भरत आली होती. तिथून आमच्या या न्हाऊ घालणारीला निरोप आला, त्या पोरीला हात लावलास तर आमची पायरी चढू नकोस. ते घर गेलं की मागोमाग बाकीची घरं जाणार, हे हिला पक्कं ठाऊक. नवरा कधीच वारलेला, पोट सगळं याच कामावर.

"काय करणार आहेस?" मी विचारलं.

"पोर पारोशी आसा मगे," ती म्हणाली आणि निघाली. मीही मागून गेले.

न्हाणीत पाणी तापलं होतं. आजी आत आली नाही, दारातूनच बोलली, "बघ गे कान. हिका काय सांगतलंय तां आयकू दी."

तिने नेहमीसारखा कान दुमडला. नेहमीपेक्षा जास्त वेळ बघितलं.

"बापायशी जातली," ती म्हणाली. "बरी उंच." आणि माझ्याकडे न बघता, "उदक घाल गो."

बारशाला बायका आल्या नाहीत. पाळण्याच्या खालून-वरून बाळ घ्यायला-द्यायला दोघी तरी लागतात. एका अंगाला ती उभी राहिली, दुसऱ्या अंगाला मी. दोघीही विधवा, एरवी आम्हाला त्या पाळण्याजवळ कुणी फिरकू दिलं नसतं. माझी सून घरात दार ओढून बसली होती. पुढे शेजारच्या मुलीच्या भावाचं ठरत आलेलं लग्न मोडलं. त्यानंतर मुलगी बाळाला घेऊन म्हापशाला भाड्याच्या खोलीत गेली.

मोठ्या घराने शब्द पाळला, मग इतरांनीही. ते हात आमच्या बाळाला नकोत, असं सगळे गोड आवाजात म्हणाले. आमचं घरही. पणतू झाला तेव्हा सुनेने बाहेरून नर्स आणली. मी दोन दिवस भांडले आणि मग पेढे खाल्ले.

नातू म्हणतो, "आजी, ही तुमच्या पिढीची खोड. तुमच्याबरोबर जाईल." हे सांगताना तो मोबाइलवर बाळाचा फोटो उजळ करत असतो. मी त्याच्या बोटाकडे बघत राहते. माझ्याबरोबर जाईल असं ते काही दिसत नाही.

ती मला शेवटची भेटली डिचोलीच्या बसस्टँडवर. सुर्ल्याला लेकीकडे राहत होती, काजूच्या कारखान्यात बिया फोडत होती. काजूच्या टरफलाचं तेल कातडी जाळतं. तिची बोटं काळी पडून सोलवटली होती.

"हातमोजे देत नाहीत?" मी विचारलं.

"दितत. पण बी धरूक येणा नाय."

बाकावर आमच्या शेजारी एक अनोळखी मुलगी तान्हं घेऊन बसली. ते रडायला लागलं, ती एका हाताने पिशवीत बाटली शोधू लागली. हिचे दोन्ही हात आपसूक पुढे गेले. मुलीनेही विश्वासाने बाळ पुढे केलं.

हिने हात पदराखाली ओढून घेतले.

"तू घे गो," ती मला म्हणाली.