फडक्यातला गूळ

मी एक येडेपणा केला, अन् त्याची शेखीही मिरवली. लेक तान्ही होती तेव्हा कापूस वेचायला जाताना मी मऊ फडक्यात गुळाचा खडा बांधून तिच्या तोंडात द्यायचे. झोळीत ती दिवसभर चोखत गप पडायची. माझ्याएवढी हुशार आई अख्ख्या घनसावंगीत दुसरी न्हाई, असं मला वाटायचं! दोन वर्षांची होईस्तोवर तिचे पुढचे दात काळे पडून झिजले. मी आपली दृष्ट काढत बसले. भाकरी चावताना ती रडायची, मंग तिला गप करायला आणखी गूळ.

परवा बांधावर एक तरणी बाई झोळीतल्या लेकराच्या हातात क्रीमचं बिस्कीट देऊन वेचायला निघाली. त्याच्या इवल्या दातांवर तेच काळे डाग. मी तिला माझी सगळी फजिती सांगितली आन् म्हणाले, "नको देऊ गं बिस्कीट, दात किडतात."

तिनं कमरेला कापसाची ओटी बांधली, लेकरू उचलून माझ्या मांडीवर ठेवलं आन् म्हणाली, "बराबर हाय मावशी. मंग सांजपर्यंत तुम्हीच सांभाळा याला, मी वेचून येते."