चव घेतली म्हणून

२००७च्या मे महिन्यात, एका रविवारी भर दुपारी, मुळशीच्या एका रिसॉर्टवाल्यांनी माझ्या दाजींना कोंडीत पकडलं. आधी फुकट जेवू घातलं, मग पंचवीस वर्षांच्या सुट्ट्या विकायला कागद पुढं केला. विचार करायला आम्ही फाटकाबाहेर आलो. दाजी त्यांचंच पेन टकटक वाजवत येरझाऱ्या घालत होते. “परवडणार नाही रे. पण जेवलोय ना त्यांचं!”

फाटकाशी करवंदं विकणारी बाई येणाऱ्याच्या तळहातावर आधी दोन करवंदं टेकवायची. दाजींनी खाल्ली, तोंड वाकडं केलं, तरी हात पाकिटाकडं गेला.

“ऱ्हाऊ द्या, दादा,” पानाचा द्रोण वळता वळता ती म्हणाली. “चव घेतली म्हून घ्यायलाच पायजे, असं कुटं हाय?”

दाजींनी पेन वॉचमनला दिलं आणि स्कूटरला किक मारली.

तुम्हालाही असं आमंत्रण येईल. पोटभर जेवा, हात धुवा आणि सही न करता उठा!