फूटपट्टीचे पट्टे

आमच्या ह्यांना गोल्फच्या मैदानावर सगळे 'फूटपट्टी' म्हणायचे. गवत कापायचं यंत्र हे इतकं सरळ चालवायचे, की होलभोवतीच्या तुळतुळीत गवतावर, म्हणजे ग्रीनवर, फिकट-गडद पट्टे उमटायचे ते अगदी आखल्यासारखे. घरात मात्र ह्या माणसाने कधी चादर सरळ घातली असेल तर शपथ!

वर्षातून एकदा तिथल्या कामगारांचा सामना व्हायचा. हे लांबचे फटके झकास मारायचे आणि शेवटी, अगदी जवळ येऊन, चेंडू होलच्या बाजूने काढायचे. दरवर्षी हेच. घरी सतरंजीवर आडव्या ठेवलेल्या पेल्यात मात्र एकही चुकत नसे. आता निवृत्तीआधीचा शेवटचा सामना आला. "एकदा तरी जिंकायचंय गं," म्हणाले. ह्यांनी जन्मात स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं, त्यामुळे माझ्या जिवाला लागलं.

सरावाला मी मुद्दाम गेले, मागे उभी राहिले आणि कपाळावर हात मारला.

"अहो, होल तिकडे आणि तुमचे पाय पट्ट्याच्या रेषेत! पट्टा काय होलकडे जातो?"

"पट्टा सरळ आहे."

"आहेच हो! पण तुम्हाला जायचंय तिकडे तो जात नाही ना!"

मग मी चेंडूवर पेनाने रेघ मारून दिली. आधी मागे बसून ती रेघ होलकडे धरायची, मग काठीचं तोंड रेघेला काटकोनात लावायचं, आणि पाय सगळ्यात शेवटी. हे मान डोलवायचे; पण चेंडूपाशी उभे राहिले की पाय हळूच पट्ट्याकडे वळलेच. वैताग नुसता!

सामन्याच्या सकाळी, म्हणजे नोकरीच्या शेवटच्या दिवशी, हे सवयीने यंत्र काढायला निघाले, तर साहेबांनी फोन करून बजावलं, आज तुम्ही खेळाडू, आज कापणी नव्या माणसाकडे. तोच पुढे ह्यांच्या जागी येणार होता.

शेवटच्या ग्रीनवर हा एक चेंडू गेला की जिंकले, अशी वेळ आली. ह्यांनी खाली पाहिलं आणि ह्यांचं तोंड कडू झालं. पट्टे चक्क नागमोडी! हे बसले, रेघ होलकडे धरली, उठले, काठी लावली, मग पाय. ह्या वेळी पाय हलले नाहीत. चेंडू सरळ गेला आणि टुपकन आत पडला.

एकच आरडाओरडा झाला. मी तर शिट्टी मारली, लाज कसली! हे मात्र ग्रीनकडेच बघत राहिले.

"माझे पट्टे असते तर आजही चुकलो असतो," घरी येताना म्हणाले.

"म्हणजे इतकी वर्षं त्यांनीच तुमचा घात केला म्हणा की!"

"घात कसला? खाली वाकलो की ते दिसायचे. मग होल बघायचं राहूनच जायचं."

एरवी माझं तोंड कुणाला आवरत नाही, पण तेव्हा मला रडूच आलं. उद्यापासून ते ग्रीन दुसऱ्याचं होतं.