विरोधातला एकच हात

सोलापुरातल्या एका गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे जिथं कापडाचे माग चालतात तिथं, येडू मदने नावाचा विणकर होता. सांगोल्याकडच्या मेंढपाळाचं पोर. एका दुष्काळात बापाची सगळी मेंढरं मेली, तेव्हा येडू पायी चालत सोलापूरला आला आणि गिरणीला चिकटला तो चिकटलाच. बायको बाळाबाई तापाच्या मोठ्या साथीत गेली. एकुलती लेक राजाबाई मोडनिंबला दिली. मग चाळीतल्या त्या खोलीत तो एकटाच उरला.

बोलायचालायला त्याला एकच माणूस होता, शेजारच्या साच्यावरचा सिद्धलिंगप्पा. अक्कलकोटकडचा लिंगायत, घरात कानडी, बाहेर मराठी, आणि तोंडात कायम ‘बे’. बारा वर्षं दोघांचे साचे शेजारी. जेवणाच्या सुट्टीत दोघं भिंतीच्या सावलीला बसत. सिद्धलिंगप्पाची बायको सावित्रम्मा शेंगाची चटणी देई, त्यातला निम्मा वाटा येडूचा असे. येडूही त्याचा मान राखून गिरणीत कधी वशाट, मटणमासळी आणत नसे. येडूला अक्षरओळख करून दिली तीही सिद्धलिंगप्पानंच, साच्याच्या लाकडावर खडूनं एकेक अक्षर काढून. पुढं येडू वर्तमानपत्र वाचायला लागला. सावकाश वाची, ओठ हलवत वाची, पण शेवटपर्यंत वाची. वाचलेलं पटलं नाही तर दोन दिवस डोक्यात घोळवत बसे.

चौतीस साली हिवाळा सरता सरता गिरणीनं मजुरीत कपात जाहीर केली. साचेखातं पेटलं. रविवारी सकाळी मैदानात सभा भरली. मराठी, तेलुगू, कानडी, दखनी, सगळ्या भाषांत भाषणं झाली, आणि अध्यक्षांनी विचारलं, “उद्यापासून संप. कबूल असलेल्यांनी हात वर करा.”

हातांचं रान उभं राहिलं. सिद्धलिंगप्पा तर पुढच्या रांगेत होता. रीत म्हणून अध्यक्षांनी विचारलं, “विरोधात कोणी?”

मागच्या बाजूला एकच हात वर गेला. येडूचा.

आधी कोणाला कळेना. मग कुणीतरी हसलं. अध्यक्ष भला माणूस होता, म्हणाला, “बोल बाबा, काय म्हणणं आहे तुझं?”

येडूला चारचौघांत बोलायची सवय नव्हती. घसा खाकरून तो म्हणाला, “कपात वाईटच हाय. काम थांबवायला पायजे ह्येबी खरं. पर आत्ता नगं. दोन महिनं झालं मी बघतुया, कापडाच्या गासड्या गोदामात जात्यात, भाईर निघत न्हाईत. गोदाम छताला टेकलंय. आत्ता आपण थांबलो तर मालक ह्यो माल लगीनसराईत निवांत इकत बसंल, अन् वर आपली मजुरीबी वाचंल त्येची. आषाढात गोदाम रिकामं हुईल. दसऱ्याचा माल काढायची घाई पडंल. तवा एक दिवस जरी साचं थांबलं तरी त्येला घाम फुटंल.”

“आषाढापर्यंत कपात सोसायची व्हय?” एकानं विचारलं.

“सोसायची. मलाबी सोसायची हाय की.”

“किती दिलं रे मालकानं?” मागून कोणीतरी ओरडलं, आणि मग एकच गिल्ला झाला. मातीचं ढेकूळ येऊन येडूच्या खांद्याला लागलं. त्याचं त्याला फारसं काही वाटलं नाही. त्यानं पुढच्या रांगेत सिद्धलिंगप्पाकडं पाहिलं. सिद्धलिंगप्पा मान खाली घालून बसला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे गिरणीचा भोंगा झाला. येडू कामावर निघणार, याची चाळीला खात्रीच होती. चार गडी काठ्या घेऊन त्याच्या दाराशी उभे राहिले. येडूनं दार उघडलं, उंबऱ्यावर बसून मिश्री लावली, तोंड धुतलं आणि तिथंच बसून राहिला. भोंगा दुसऱ्यांदा झाला, तिसऱ्यांदा झाला. तो हलला नाही. ते चौघे ऊन चढल्यावर निघून गेले, पण जाताना त्यांच्या तोंडावर समाधान नव्हतं, संशयच होता.

तिसऱ्या दिवशी जॉबर शिवप्पा आला. जॉबर म्हणजे साच्यांवर माणसं नेमणारा, गिरणीच्या बाजूचा माणूस. दुपारी, साऱ्या चाळीदेखत, तो येडूच्या उंबऱ्याशी उभा राहिला.

“येडू, साहेबांच्या कानावर गेलंय बघ. हजार माणसांत तूच एक शहाणा निघालास म्हणाले. चल, दोन साचे तरी फिरू देत. संप मोडला की तुला मुकादम करायचं ठरलंय.”

“मी हात वर केला तो माझ्या गड्यांम्होरं,” येडू म्हणाला. “साहेबासाटी न्हाय.”

“अरे पण तुला संप पटलेला नाही ना?”

“न्हाय पटला. इचारलं तवा न्हाय म्हनालो. आता सगळ्यांचं ठरलंया. ठरल्यावर मी कसा निराळा जाऊ?”

“तुझं डोकं नावासारखंच आहे,” शिवप्पा म्हणाला आणि निघून गेला.

येडू काय बोलला ते चाळीला लांबून ऐकू आलं नाही. शिवप्पा त्याच्या दाराशी आला, एवढं मात्र सगळ्यांनी पाहिलं. सांजपर्यंत सगळीकडं झालं की येडू मुकादम होणार. नळावर तो घागर घेऊन गेला की बायका आपल्या घागरी उचलून बाजूला होत. वाणी त्याला शेवटी माल देई. कोणी शिवी दिली नाही, कोणी मारलं नाही. नुसतं बोलणं थांबलं. सकाळपासून रात्रीपर्यंत त्याच्या कानावर स्वतःच्या खोकल्याशिवाय माणसाचा आवाज पडेना. सिद्धलिंगप्पाची खोली चाळीच्या दुसऱ्या टोकाला होती. येडू दोनदा तिथवर गेला आणि दारात बाहेरच्या माणसांच्या चपला बघून मागं फिरला.

पोटासाठी काहीतरी करणं भाग होतं. होटगीला रेल्वेच्या खडीवर माणसं लागतात, असं त्याला कळलं. तो अंधार असतानाच चालत निघे, दिवसभर खडी फोडी, तिथंच कुठंतरी पडून राही आणि आठवड्यानं चाळीत येई. एका खेपेला त्यानं मजुरीतून अर्धी पायली ज्वारी घेतली, दळून आणली आणि पिठाची पिशवी घेऊन मारुतीच्या पारावर गेला. संपातल्या घरांसाठी तिथं धान्य गोळा होत होतं. पिठामिठाचं सावित्रम्मा बघत होती. शेजारी सिद्धलिंगप्पा तराजू धरून उभा होता.

येडूनं पिशवी पुढं केली. पारावरचा एक पोरगेला गडी म्हणाला, “मालकाच्या माणसाचं पीठ नको आम्हाला.”

“माझं हाय,” येडू म्हणाला. “खडी फोडून आणलंय.”

“नको म्हटलं ना!”

सावित्रम्मा पुढं आली. हळू आवाजात म्हणाली, “भावजी, घेऊन जावा. उगी तमाशा नको लोकांत.”

येडूनं सिद्धलिंगप्पाकडं पाहिलं. सिद्धलिंगप्पा तराजूचा काटा सरळ करत होता. पारडी दोन्ही रिकामी होती. येडूनं पिशवी उचलली. त्या पिठाच्या भाकरी तो पुढं आठ दिवस खात होता आणि एकही घास त्याला गोड लागला नाही.

लगीनसराई आली. गोदामाची दारं उघडली आणि बैलगाड्यांवर गासड्या लादून स्टेशनाकडं जाऊ लागल्या. रस्त्याच्या कडेला उभे राहून संपवाले त्या गाड्या बघत. एकेका घरातली भांडी गेली, डोरली गेली. वैशाख संपेपर्यंत संपही मोडला.

परत कामावर घेताना गिरणीनं अट घातली. फाटकाशी टेबल मांडलं होतं, त्यावर छापील कागद. एकेकानं यायचं, अंगठा उठवायचा आणि आत जायचं. सिद्धलिंगप्पा त्याच रांगेतून आत गेला. त्याला सही येत होती, त्यानं सही केली. घरात सहा माणसं होती.

येडूची पाळी आली. त्यानं कागद हातात घेतला आणि ओठ हलवत वाचायला लागला. मागची रांग खोळंबली. कागदावर लिहिलं होतं की पुढाऱ्यांनी मला फसवून संपात ओढलं, माझी चूक झाली, मी माफी मागतो.

“ह्ये खरं न्हाय,” येडू म्हणाला.

टेबलामागं शिवप्पा होता. तो हसला. “अरे, हे लिहून द्यायला तुझ्याइतकं सोपं कुणाला आहे? तू तर पहिल्यापासून विरोधात!”

“व्हय, हुतो की. मला कुणी फशिवलं न्हाय. भर सभेत इचारलं, माझं म्हननं ऐकून घेतलं, मग ठरलं. ठरलं त्ये मी माझ्या मर्जीनं केलं. त्यांचा अंदाज चुकला. त्यांनी फशिवलं, असं मी कसं म्हनू?”

“मग साचा दुसऱ्याला जाईल.”

“जाऊ द्या.”

कागद टेबलावर ठेवून तो रांगेतून बाहेर आला. रांगेतल्या माणसांनी त्याला वाट करून दिली. त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, पण ज्याला त्याला पुढं सरकायचं होतं. येडूनं खोली सोडली आणि गाठोडं घेऊन होटगीला गेला, तो कायमचाच.

श्रावणात एका दुपारी सिद्धलिंगप्पा होटगीला उतरला. विजापुराकडं सोयऱ्यांत जायचं होतं, गाडी बदलायला दीड तास होता. विचारत विचारत तो खडीच्या ढिगापाशी आला.

“काय करायलास बे?” तो म्हणाला. आवाज मात्र पहिल्यासारखा लागला नाही.

येडूनं हातोडा खाली ठेवला, मडक्यातलं पाणी दिलं. दोघं ढिगाच्या सावलीला बसले. सावित्रम्माची, पोरांची चौकशी झाली. मग सिद्धलिंगप्पा म्हणाला, “गोदामाचं तू म्हणालास तसंच झालं बघ.”

“व्हय.”

“येडू, खरं सांगू? त्या दिवशी मैदानात मला पण तुझंच पटलं होतं.”

येडूनं वळून पाहिलं. “मग?”

“सगळ्यांचे हात वर होते बे. पुढं बसलो होतो मी. कसा खाली ठेवणार?”

रुळांवरून एक ट्रॉली खडखडत गेली. मग तो म्हणाला, “तुझा हात माझ्याबरूबर आला असता तरी संप हुयाचा तो झालाच असता, अण्णा. गोदामबी तसंच ऱ्हायलं असतं. निस्तं येवढंच की मी येकला नसतो.”

फलाटावर घंटा झाली, तसा सिद्धलिंगप्पा उठला. “येतो,” म्हणाला. येडू त्याला पोचवायला रुळापर्यंत गेला, त्याची पिशवी त्याच्या हातात दिली. गाडी सुटल्यावर परत येऊन त्यानं अर्धा राहिलेला ढीग संपवला. सिद्धलिंगप्पा त्यानंतर पुन्हा आला नाही. आला असता तर येडूनं त्याला पाणी दिलंच असतं.

खडीवरच्या माणसांना हळूहळू कळलं की म्हाताऱ्याला वाचता येतं. कंत्राटदारानं कागद पुढं केला की ते आधी येडूकडं आणत. तो सावकाश सगळा वाचून दाखवी, त्यात काय आहे ते सांगे. “मग अंगठा द्यावा का न्हाय?” असं कोणी विचारलं की म्हणे, “त्ये तुमचं तुमी ठरवा.” माणसं मान हलवत आणि आपापल्या बायकापोरांकडं भाकरीला जात.

राजाबाई दर दिवाळीला त्याला मोडनिंबला बोलावून घेई. तो जाई, नातवंडांत चार दिवस राही आणि पाचव्या दिवशी निघे. एकदा तिनं वाट अडवली.

“आबा, तितं तुमचं कोण हाय?”

“कोन न्हाय,” येडू म्हणाला आणि पायताण घालायला खाली बसला.